शिदोरीविना निघालेलं बी

पेटुनियाच्या बियाण्याचं पाकीट उघडलं की आधी ते रिकामंच आलं असावं असं वाटतं. रंगीत वेष्टनाच्या आत एक छोटी पुडी असते आणि तिच्या कोपऱ्यात चिमटीतही न येणारी तपकिरी-काळी पूड. ही पूड म्हणजेच बिया. पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून पाहिल्या तर प्रत्येक बी गोलसर आणि जाळीदार सालीचं दिसतं. एका ग्रॅममध्ये अशा साधारण १०,००० बिया मावतात. म्हणजे एका बीचं वजन मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं. खसखशीचा दाणासुद्धा याच्या तिप्पट-चौपट भरतो.

पेटुनियाच्या रोपांसाठी जे जे सांभाळावं लागतं, ते जवळजवळ सगळं या एका आकड्यातून निघतं. राजम्याचा दाणा मातीत दोन इंच खोल गेला तरी बिघडत नाही. त्याच्या दोन दळांमध्ये आठवडाभर पुरेल इतकं अन्न भरलेलं असतं, त्या जोरावर कोंब अंधारातून वाट काढत वर येतो. पेटुनियाचं बी मात्र शिदोरीविना घराबाहेर पडलेलं असतं. फुटल्या दिवसापासून त्याला स्वतःचं अन्न स्वतः तयार करावं लागतं. म्हणून त्याच्यावर माती टाकायची नाही, त्याला अंधारात ठेवायचं नाही, एक दुपारही कोरडं पडू द्यायचं नाही आणि पावसाच्या थेंबाखाली तर मुळीच येऊ द्यायचं नाही. एवढे ‘नाही’ अंगणातल्या वाफ्यात पाळणं कठीण, म्हणून पेटुनिया घरात पेरतात.

थंडीपासून की पावसापासून?

घरात बी पेरण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रुळली ती बर्फामुळे. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या राज्यात मे महिन्यापर्यंत रात्री हिमतुषार पडू शकतात. पेटुनियाला बी पेरल्यापासून फुलावर यायला दहा ते बारा आठवडे लागतात. तिथे जमीन उबदार होईपर्यंत थांबलं तर अर्धा उन्हाळा हिरव्या पानांवरच निघून जाईल. म्हणून तिथले लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये तळघरात किंवा खिडकीशी ट्यूबलाइटखाली ट्रे मांडतात आणि हिमतुषाराचा धोका टळला की तयार रोपं बाहेर नेतात.

आपल्याकडे पेटुनिया हे हिवाळी फुलझाड. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ते बहरात असतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तो याच हिवाळी फुलांचा मोसम. उलटा हिशेब मांडला तर पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये यायला हवी, आणि अडचण नेमकी तिथे आहे. परतीचा पाऊस गेलेला नसतो. एक जोराची सर आली की बिया वाफ्याच्या कडेला वाहून जातात. पाऊस गेला की लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते आणि मातीचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडाठाक पडतो. तिकडे घरात पेरायचं ते गारठ्यापासून वाचवायला, इकडे सरींपासून आणि उन्हाच्या तडाख्यापासून. पद्धत तीच, शत्रू वेगळे.

पंचांगातल्या सणांवर हे वेळापत्रक छान बसतं. दसऱ्याच्या आसपास पेरणी केली तर दिवाळीपर्यंत रोपं दुसऱ्या जागी हलवण्याजोगी होतात आणि संक्रांतीला कुंड्या फुलतात. दसरा सप्टेंबरअखेर आला असेल आणि पाऊस रेंगाळला असेल तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात हवा दमट आणि रात्री उबदार असतात. तिथे घाई न करता नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरावं. रोपं कोवळी असताना उकाडा आणि दमटपणा एकत्र आले तर ती टिकवणं अवघड जातं.

धुळीची पेरणी

माध्यम म्हणून बागेतली माती वापरू नये. काळी माती पाणी धरून चिकट होते, सुकली की तिला भेगा पडतात, आणि तिच्यातल्या बुरशा व तणाचं बी फुकट घरात येतं. रोपवाटिकावाले प्रोट्रेमध्ये, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीट भरतात, घरीही तेच सोयीचं. कोकोपीटची वीट पाण्यात भिजवून फुगली की घट्ट पिळून ते पाणी फेकून द्यायचं आणि हे निदान दोनदा करायचं. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि एवढ्याशा मुळांना ते सोसत नाहीत. त्यात थोडं परलाइट मिसळावं. गांडूळखत पेरणीच्या वेळी नको, ते पुढे कुंडीत. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओल आहे पण हवाही खेळते आहे, ती स्थिती इथे हवी. मूठभर मिश्रण दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये.

भांडं म्हणून पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा उत्तम. तळाला गरम सळईनं आठ-दहा भोकं पाडावीत, दीड-दोन इंच मिश्रण भरावं आणि सगळ्यात वर रव्याच्या चाळणीनं चाळलेला पातळ थर द्यावा. हा बारीक थर महत्त्वाचा आहे. वरचा थर जाडाभरडा राहिला तर बी दोन तंतूंच्या फटीतून खाली अंधारात जातं आणि तिथेच संपतं. पेरण्याआधीच डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजवून घ्यावा.

आता बी. बोटानं टाकू गेलात तर घामट त्वचेला चिकटून अर्ध्या बिया हातावरच राहतील. चमचाभर कोरड्या बारीक वाळूत बी मिसळावं, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद मधोमध दुमडून त्याच्या घडीत ही वाळू घ्यावी आणि कागदाला टिचक्या मारत ती डब्यावर भुरभुरावी. वाळू फिकट असल्यामुळे कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते काळपट कोकोपीटवर लगेच दिसतं. मग तळहातानं हलकेच दाबायचं आणि थांबायचं. वरून माती, खत किंवा आणखी कोकोपीट काहीही टाकायचं नाही. स्प्रेच्या बाटलीनं धुक्यासारखा फवारा मारून झाकण लावलं की पेरणी झाली.

हल्ली बरंचसं संकरित बियाणं गोळीच्या रूपात मिळतं. एकेका बीवर मातीसारख्या पदार्थाचं कवच चढवून ते हाताळण्याजोगं केलेलं असतं. टूथपिकचं टोक ओलं करून एक-एक गोळी उचलता येते आणि प्रोट्रेच्या एकेका कप्प्यात ठेवता येते. गोळी ठेवल्यावर ती तडकून विरघळेपर्यंत फवारत राहावं. कवच भिजून आतलं बी जागं झालं आणि नंतर कवच सुकलं, तर ते पुन्हा जागं होत नाही. गोळी दाबून फोडायची किंवा मातीत खुपसायचीही गरज नाही. आत शेवटी तेच धुळीएवढं बी आहे.

उजेड कसा कळतो?

डबा कुठे ठेवायचा? भरपूर उजेड येतो पण थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी. झाकण लावलेल्या डब्यावर दुपारचं ऊन पडलं तर आतली हवा तापून बी शिजतं. तापमान २२ ते २५ अंश असेल तर पाचव्या ते दहाव्या दिवसात उगवण दिसते.

मातीत पडलेल्या बीला उजेड आहे की नाही हे कळतं कसं, याचा उलगडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी १९५२ मध्ये केला. हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करत होते. ओल्या बियांवर लाल प्रकाश थोडा वेळ टाकला की त्या रुजत, आणि त्यापाठोपाठ दृश्य लालच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश टाकला की रुजणं थांबे. लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असा कितीही वेळा आलटून-पालटून प्रकाश दिला, तरी बी शेवटचा रंग तेवढा ध्यानात ठेवत असे. बीच्या आत असलेल्या, हा रंग ओळखणाऱ्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं.

बारीक बियांच्या दृष्टीनं ही यंत्रणा जीवनमरणाची आहे. मातीत खोल गाडल्या गेलेल्या बीपर्यंत प्रकाश पोचत नाही. तिथे रुजलं तर पृष्ठभागापर्यंत येण्याआधीच त्याचं अन्न संपेल. उजेड पोचला याचा अर्थ वर यायला अंतर नाही. पेटुनियाही उजेडात चांगलं रुजतं ते याच कारणानं, आणि वर मातीचा थर देणारा माणूस नेमकी ही खूण पुसून टाकतो. त्याच कुळातल्या टोमॅटोच्या ग्रॅमभर बियाण्यात तीनशेच्या आसपासच बिया असतात, म्हणून टोमॅटो गादीवाफ्यावर ओळीत पेरून मातीआड केला तरी बिनबोभाट उगवतो.

पहिले तीन आठवडे

आठवड्याभरानं डब्यात हिरवी पुटं दिसतील. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला केसासारखी दांडी आणि टाचणीच्या माथ्याएवढी दोन गोल बीजपत्रं असतात. काहींच्या टोकाला बीचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढू नये, फवारा मारला की मऊ होऊन आपोआप गळतं. निम्म्याहून अधिक बिया उगवल्या की झाकण आधी थोडं तिरकं ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण काढावं.

याच सुमारास सगळ्यात जास्त रोपं जातात. काल ताठ उभी असलेली रोपं सकाळी एका गोल भागात आडवी पडलेली दिसतात. जवळून पाहिलं तर मातीलगत दांडी पाणथळ होऊन दोऱ्यासारखी बारीक झालेली असते. याला शेतकरी रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशांचं हे काम. सतत चिकचिक ओल, कोंडलेली हवा आणि दाटीवाटी मिळाली की त्या फोफावतात. एकदा आडवं झालेलं रोप उठत नाही, तेवढा भाग चमच्यानं मातीसकट काढून टाकावा. खरा उपाय आधीच करायचा असतो: विरळ पेरणी, धुतलेला डबा, झाकण वेळेवर काढणं, पाणी फक्त खालून परातीतून देणं आणि वरचा थर थोडा फिका पडेपर्यंत पुन्हा न देणं. मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात मिसळली तर मदत होते. वरच्या थरावर हिरवं शेवाळ दिसू लागलं, तर पाणी जास्त होतंय असं समजावं.

दुसरी तक्रार म्हणजे रोपं लांबट आणि लुळी होणं. उजेड कमी पडला की ती खिडकीकडे माना वेळावतात आणि दांड्या ताणतात. झाकण काढल्यावर त्यांना सकाळचं कोवळं ऊन दाखवावं. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडची गॅलरी यासाठी चांगली, जिथे पावसाळ्याआधी ऊन येतच नव्हतं तिथेही आता ते आत येतं. फ्लॅटला तशी गॅलरी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर टांगून चौदा-पंधरा तास चालू ठेवली तरी काम भागतं.

बीजपत्रांनंतर येणारी पानं खरी पानं. त्यांची पहिली जोडी आली की शिदोरीचा प्रश्न कायमचा मिटला. आता रोप कमावतं झालं, मग त्याला थोडं खतही चालतं. बाजारात १९:१९:१९ नावानं मिळणारं विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढंच पुरे.

हलवणं, खुडणं

दोन जोड्या खरी पानं आली की रोपं वेगळी करायची. टूथपिकनं मुळाखालून उचकटायचं आणि रोप पानाला धरायचं, दांडीला कधीच नाही. पान मोडलं तर दुसरं येतं, दांडी चिरडली तर रोप गेलं. प्रोट्रेमध्ये किंवा कागदी कपात ती तीन-चार आठवडे वाढू द्यावीत, आणि मग हळूहळू उन्हाला सरावलेली रोपं आठ-दहा इंची कुंडीत लावावीत. एका कुंडीत दोन-तीन पुरतात.

रोप चार बोटं उंच झालं की त्याचा शेंडा खुडायचा. पहिली कळी दिसत असताना हात उचलत नाही हे खरं, पण शेंड्यातून उतरणारं संप्रेरक बाजूचे डोळे दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की ते फुटतात आणि एकाच्या जागी चार फांद्या येतात. आठवडा-पंधरवडा फुलं लांबतात आणि त्याच्या कितीतरी पट जास्त येतात.

दिवसाच्या लांबीचाही यात वाटा असतो. दिवस मोठा असेल तर पेटुनिया लवकर फुलतं आणि उंच वाढतं, दिवस लहान असेल तर ठेंगणं, फुटवेदार राहतं आणि उशिरा फुलतं. महाराष्ट्रात डिसेंबरचा सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो, त्यामुळे आपल्याकडे झुडूप छान भरतं आणि फूल थोडं मागं राहतं. ज्यांना लवकर फुलं हवी आहेत त्यांनी रोप लहान असताना ट्यूबखाली दिवस लांबवावा.

कुंडीतल्या रोपाची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्याच राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. पेटुनियाला किंचित आम्लधर्मी माती लागते. आपली काळी माती आणि बोअरचं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी केली की आठवड्याभरात फरक दिसतो.

घरचं बी

पेटुनियाचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. प्लाटा नदीच्या मुखाकडून आलेल्या नमुन्यांवरून १८०३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुसिए यानं ही प्रजाती तंबाखूच्या गोतात बसवली. पांढऱ्या फुलांचं अ‍ॅक्झिलारिस संध्याकाळी दरवळतं आणि त्याच्याकडे निशाचर पतंग येतात. जांभळ्या फुलांच्या इंटेग्रिफोलियाकडे दिवसा मधमाश्या येतात. दोन्ही युरोपात पोचल्यावर १८३०च्या दशकात त्यांचा संकर झाला आणि आजचं बागेतलं पेटुनिया जन्माला आलं.

दुहेरी पाकळ्यांच्या पेटुनियात बरीच वर्षं एक पंचाईत होती. बी पेरलं की साधारण निम्मी रोपं दुहेरी निघत आणि निम्मी एकेरी. जपानच्या साकाता कंपनीनं १९३०च्या सुमारास अशी पितृरोपं निवडून काढली की त्यांच्या परागापासून सगळीच रोपं दुहेरी यावीत. दुहेरी फुलांचे स्त्रीकेसर बहुधा बिघडलेले असतात, म्हणून त्यांचा पराग एकेरी फुलांवर हातानं चोळून हे बी तयार करतात. संकरित बियाणं महाग का, याचं उत्तर या हातकामात आहे.

झाड संकरित असल्यामुळेच घरचं बी दगा देतं. सुकलेल्या फुलामागे हिरव्या पाकळ्यांच्या वाटीत एक शंकूसारखं बोंड असतं. ते तपकिरी होऊन टोकाला उकललं की त्यातून शे-दोनशे बिया सांडतात. संकरित झाडाची ही पुढची पिढी एकसारखी नसते. काही फुलं लहान, काही फिकट, बरीच जांभळी किंवा पांढरी. आजोळचे आणि आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन परत येतात. सुवास मात्र कधी कधी जास्त मिळतो. रंगांचा हट्ट नसेल तर हे बी जरूर पेरावं. एकसारखी कुंडी हवी असेल तर दरवर्षी नवं पाकीट घ्यावं, आणि बोंड धरण्याआधीच सुकलेलं फूल त्या वाटीसकट खुडावं. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर बोंड तसंच राहतं आणि झाड नवी कळी सोडून बी भरण्यात गुंततं.

पेटुनियाच्या रंगानं एक मोठा शोधही लावला. १९९०च्या सुमारास रिचर्ड जॉर्गेन्सन आणि कॅरोलिन नापोली यांनी जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंग तयार करणाऱ्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली. अपेक्षा होती गर्द जांभळ्याची, पण आली पांढरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची फुलं. जास्तीच्या प्रतीमुळे मूळचं जनुकही गप्प झालं होतं. जनुकांना गप्प करणाऱ्या या यंत्रणेची उकल पुढे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमींवर केली आणि त्यांना २००६चं नोबेल मिळालं. आपल्या गॅलरीतल्या चांदणीसारख्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पेटुनियात हेच निसर्गतः घडत असतं.

मार्चअखेर ऊन चढलं की झाड थकतं, त्याला ओढूनताणून जगवण्यात अर्थ नाही. उरलेलं बी मात्र कोरड्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन वर्षं उगवतं. आणि इथे शिकलेली रीत पेटुनियापुरती राहत नाही. बेगोनियाचं बी याहूनही बारीक आहे, स्नॅपड्रॅगन आणि चिनी गुलाब याच जातकुळीतले, त्यांनाही उजेड, खालून पाणी आणि उघडा पृष्ठभाग लागतो. झेंडू, झिनिया किंवा नॅस्टर्शियमचं बी चिमटीत धरता येतं, ते सरळ कुंडीत पुरावं. कुठलंही अनोळखी पाकीट हाती आलं तर आधी बी तळहातावर घेऊन बघावं. ते किती खोल पेरायचं हे त्याचा आकारच सांगतो.